विमानप्रवासी : धनको आणि संशयित

युरोपीय संघाच्या सदस्य देशांचे परिवहनमंत्री २०२५ च्या जून महिन्यात लक्झेंबर्ग येथे जमले आणि बारा वर्षे भिजत पडलेले एक घोंगडे त्यांनी बाहेर काढले. विमानास उशीर झाला तर कंपनीने प्रवाशाला भरपाई केव्हा आणि किती द्यावयाची, हा तो प्रश्न. आजवर तीन तासांच्या विलंबानंतर हा हक्क उत्पन्न होत आला आहे. मंत्र्यांच्या मते तो ३,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणांसाठी चार तासांनी आणि त्याहून लांबच्या उड्डाणांसाठी सहा तासांनी उत्पन्न व्हावा. जर्मनी, स्पेन यांसारख्या देशांनी विरोधी मत नोंदविले. निर्णय बहुमताने झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात युरोपीय पार्लमेंटच्या परिवहन समितीने ही वाढ अमान्य केली आणि तीन तासांचीच मर्यादा राखावी असे ठरविले.

तीन तास की चार तास हा वाद, ज्यांच्या एस.टी.ला दोन तासांचा उशीर नित्याचाच आहे त्यांना चैनीचा वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. एक तर आज शिक्षक-कारकुनांच्या घरांतील मुलेही जर्मनीत वा नेदरलँड्समध्ये शिकावयास जातात आणि त्यांना भेटावयास निघालेल्या आईबापांशी या कायद्याचा थेट संबंध येतो. तो कसा, हे येथेच सांगून टाकतो. फ्रँकफुर्टहून मुंबईस येणारे विमान कोणत्याही देशाच्या कंपनीचे असो, त्यातील प्रवाशाला युरोपचा कायदा संरक्षण देतो. मुंबईहून फ्रँकफुर्टला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच ते मिळते. म्हणजे एअर इंडियाने जाऊन येणाऱ्याला परतीच्या प्रवासात हक्क आहे, जातानाच्या प्रवासात नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. युरोपने प्रवाशाच्या वेळेचे मोल आकडा घालून कायद्यात लिहिले. त्याच प्रवाशाविषयीच्या माहितीचे मोल मात्र लिहिले नाही. एकाच आसनावर बसलेला हा मनुष्य एका कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा धनको आहे, तर दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने राज्याचा संशयित. पहिल्या नात्यात त्याला आपले नुकसान सिद्ध करावे लागत नाही. दुसऱ्या नात्यात सारे काही त्यानेच सिद्ध करावयाचे असते. युरोपीय धोरणातील खरे वैगुण्य माझ्या मते येथे आहे, आणि तासांच्या वादाहून ते कितीतरी मोठे आहे.

आसन एक, तिकिटे दोन

मूळ दुखणे विलंबाचे नव्हते, जादा आरक्षणाचे होते. विमानातील आसनाइतकी नाशवंत वस्तू बाजारात दुसरी नसेल. भाजीवाला संध्याकाळी मेथीची जुडी निम्म्या किमतीस तरी विकतो. दार बंद झालेल्या विमानातील रिकामे आसन कोणत्याच किमतीस विकता येत नाही. काही प्रवासी आयत्या वेळी येत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे कंपन्या आसनांहून अधिक तिकिटे विकतात. हिशेब चुकला की कोणाला तरी दारातून परत पाठवावे लागते. १९७२ मध्ये अमेरिकेत हा प्रसंग नेमका ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्यावर ओढवला आणि त्यांचा दावा १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्याआधीच, १९६८ मध्ये, ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने एक सरळ उपाय सुचविला होता. सक्तीने कोणाला परत पाठवू नये. मागे राहण्यासाठी किती पैसे घ्याल, असे प्रवाशांनाच विचारावे आणि ज्याची मागणी सर्वांत कमी असेल त्याला ते देऊन मोकळे व्हावे. ज्याला घाई नाही तो खुशीने थांबेल, ज्याला घाई आहे तो जाईल. विमान कंपन्यांनी ही सूचना हसण्यावारी नेली. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने, स्वेच्छेने थांबणारे प्रवासी आधी शोधावेत, असा नियम केला. त्याचा गाभा सायमन यांच्या सूचनेचाच होता.

युरोपचा १९९१ चा पहिला नियम केवळ जागा नाकारलेल्या प्रवाशांपुरता होता. ११ फेब्रुवारी २००४ रोजी संमत होऊन १७ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आलेला क्रमांक २६१ चा नियम पुष्कळच व्यापक आहे. जागा नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि दीर्घ विलंब या तिन्ही गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी २५० युरो, मध्यम अंतरासाठी ४०० आणि संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरहून लांबच्या उड्डाणासाठी ६०० युरो, अशी भरपाई ठरली. याखेरीज जेवणखाण, रात्र काढावी लागल्यास हॉटेल, आणि दोन दूरध्वनी, टेलेक्स, फॅक्स किंवा ई-मेल यांची फुकट सोय. २००४ साली टेलेक्सची आठवण ठेवणारे कायदेपंडित सावध म्हणावयाचे की घड्याळाला किल्ली द्यावयास विसरलेले, हे वाचकांनीच ठरवावे.

या रकमा ठरीव आहेत, यातच नियमाचे मर्म आहे. १९९९ च्या माँट्रियल करारानुसारही विलंबाबद्दल भरपाई मागता येते. परंतु तेथे प्रवाशाने आपले नुकसान किती झाले ते दाखवावे लागते. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, हे न्यायालयात सिद्ध करण्याचा खर्च मूळ नुकसानाहून अधिक होतो, आणि म्हणून कोणी त्या वाटेस जात नाही. हक्क कागदावर राहतो. नियम २६१ ने ही अडचण दोन प्रकारांनी दूर केली. नुकसान किती, हा प्रश्नच त्याने मोडीत काढला. आणि 'असाधारण परिस्थिती' होती म्हणून भरपाई देणे लागत नाही असे कंपनीला म्हणावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याने कंपनीवर टाकला.

कंपन्यांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २००६ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. त्या निकालातील एक भेद पुढच्या विवेचनाला उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा. न्यायालय म्हणाले की विलंबामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. एक ज्याचे त्याचे वेगळे. त्याचा हिशेब माँट्रियल करारानुसार स्वतंत्रपणे व्हावा. दुसरे, विमानातील सर्वांना जवळजवळ सारखेच होणारे. त्यासाठी एकेकाची चौकशी करण्याचे कारण नाही, सर्वांना सारखा आणि तत्काळ उपाय मिळाला पाहिजे.

पुढील निकालांनी या चौकटीत रंग भरले. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की यंत्रातील बिघाड ही सामान्यतः असाधारण परिस्थिती नव्हे. विमाने बिघडतात आणि ती दुरुस्त ठेवणे हाच कंपनीचा धंदा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये तर त्याने, तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेल्या प्रवाशालाही, उड्डाण रद्द झालेल्या प्रवाशासारखीच रोख भरपाई मिळावी असा अर्थ लावला. मूळ नियमात विलंबासाठी अशी रक्कम स्पष्टपणे लिहिलेली नव्हती. न्यायालयाने कायदा लावला नाही, तर लिहिला, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही २०१२ मध्ये न्यायालयाने तेच मत पुन्हा ठामपणे मांडले. विमान 'पोहोचले' केव्हा, यावरही वाद झालाच. चाके जमिनीला टेकली तेव्हा की विमान जागेवर उभे राहिले तेव्हा? सप्टेंबर २०१४ च्या निकालानुसार, विमानाचे निदान एक दार उघडले आणि प्रवाशांना उतरावयास मोकळीक मिळाली तेव्हा. ज्याने धावपट्टीच्या कडेला अर्धा तास कोंडून काढला आहे त्याला या उत्तरातील शहाणपण सांगावे लागणार नाही.

एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश काही दिवस बंद पडले. ही परिस्थिती असाधारण होती याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, आणि ठरीव भरपाई कोणी मागितलीही नाही. परंतु पोर्तुगालमध्ये आठवडाभर अडकून पडलेल्या एका प्रवासी महिलेने जेवण व निवास यांचा सुमारे १,१२९ युरोंचा खर्च मागितला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की आपत्ती कितीही मोठी असली तरी अडकलेल्या प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही. तीस-चाळीस युरोंचे तिकीट विकणाऱ्या कंपनीने आठवडाभराचे हॉटेल द्यावयाचे, हे वरवर पाहता अन्यायाचे वाटते. पण संकटाचा खर्च कोणावर तरी पडणारच असतो. तो सर्व तिकिटांवर थोडाथोडा पसरविणे कंपनीला शक्य आहे, अडकलेल्या एकट्याला नाही. विमा म्हणजे दुसरे काय असते?

याचा अर्थ युरोपात सारे आलबेल आहे असा नव्हे. संघाच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा की हक्क भरपूर आहेत, परंतु ते मिळविण्यासाठी प्रवाशाला अजूनही झगडावे लागते. हा झगडा प्रवाशाच्या वतीने करून देणाऱ्या आणि मिळालेल्या रकमेतील हिस्सा स्वतःकडे ठेवणाऱ्या खाजगी संस्था तेथे उगवल्या आहेत. त्यांना दलाल म्हणून हिणविणे सोपे आहे. रक्कम ठरीव आहे म्हणूनच अशा संस्था निघू शकल्या, हेही पाहावे.

न वाढलेली रक्कम

आता मंत्र्यांच्या प्रस्तावाविषयी. त्यांचा युक्तिवाद असा की तीन तासांची मर्यादा फार आखूड आहे. पर्यायी विमान आणून प्रवाशांना पोहोचविण्यास तेवढा अवधी पुरत नाही, आणि भरपाई द्यावीच लागणार असेल तर कंपनी उड्डाण रद्द करून मोकळी होते. यात तथ्यांश आहे. दूरच्या लहान विमानतळावर बिघडलेल्या विमानाच्या जागी दुसरे आणावयास वेळ लागतोच. परंतु हा युक्तिवाद थोड्या उड्डाणांना लागू पडतो आणि सवलत मात्र सर्व उड्डाणांना मिळते. दोन उड्डाणांमध्ये पंचवीस मिनिटे ठेवणारे वेळापत्रक आखावयाचे, राखीव विमान व राखीव कर्मचारी ठेवावयाचे नाहीत, आणि सकाळचा उशीर दिवसभर पुढे ढकलीत न्यावयाचा, हा निसर्गाचा कोप नसून खर्चाचा हिशेब आहे. वर्गात बाह्य परिणामांची संकल्पना समजावून देताना कारखान्याच्या धुराचे जुनेच उदाहरण देण्याची प्रथा आहे. मला विमानाच्या वेळापत्रकाचे अधिक बरे वाटते. बचत कंपनीची होते आणि वेळ प्रवाशाचा जातो. ठरीव भरपाई हा त्या धुरावरील कर आहे. जो कमी खर्चात नुकसान टाळू शकतो त्याच्यावर भार असावा, एवढेच तिचे तत्त्व.

शिवाय एक गोष्ट या वादात जवळजवळ कोणी बोलत नाही. २५०, ४०० आणि ६०० हे आकडे २००४ सालचे आहेत व महागाईशी ते जोडलेले नाहीत. या वीस वर्षांत युरो विभागातील किमती स्थूलमानाने दीडपट झाल्या. म्हणजे २५० युरोंची खरी किंमत आज १६५-१७० युरोंच्या घरात आली आहे. नियमातील एक अक्षर न बदलता कंपन्यांवरील भार एक तृतीयांशाने उतरला. मंत्र्यांचा प्रस्ताव ३,५०० किलोमीटरपर्यंत ३०० आणि त्यापुढे ५०० युरोंचा आहे. सर्वांत लहान टप्पा वाढला, असे यावर सांगण्यात येते. मधला आणि मोठा टप्पा नाममात्र आकड्यातही घसरतो, हे सांगितले जात नाही.

गुप्त परिशिष्ट

धनको म्हणून प्रवाशाची स्थिती अशी आहे. संशयित म्हणून ती कशी आहे, ते आता पाहू.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर युरोपने विमानतळांच्या सुरक्षेचा समान नियम डिसेंबर २००२ मध्ये केला. विमानात कोणत्या वस्तू नेता येणार नाहीत, याची यादी त्यापुढील अंमलबजावणीच्या नियमाच्या परिशिष्टात होती, आणि ते परिशिष्ट प्रसिद्ध केलेले नव्हते. सप्टेंबर २००५ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर एका प्रवाशाला टेनिसच्या रॅकेटी जवळ बाळगल्याबद्दल विमानातून खाली उतरविण्यात आले. रॅकेट निषिद्ध आहे काय, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. कारण नियम गुप्त होता. साडेतीन वर्षांनी, १० मार्च २००९ रोजी, युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की जो नियम प्रसिद्धच झाला नाही तो नागरिकावर बंधनकारक होऊ शकत नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगू शकला असता. दरम्यान ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिकपार जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरापासून हातसामानात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली नेण्यास बंदी झाली. ती मर्यादाही अशाच अप्रकाशित परिशिष्टाच्या द्वारे आली.

बाटली आणि रॅकेट निदान डोळ्यांना दिसतात. माहिती दिसत नाही. आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटावरचा पी.एन.आर. क्रमांक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्या अक्षरांचा अर्थ प्रवाशाच्या नावाची नोंद. विमानाच्या अशा नोंदीत नाव, पत्ता, दूरध्वनी, पैसे कोणत्या कार्डाने दिले, तिकीट कोणाकडून काढले, बरोबर कोण आहे, आसन कोणते, सामान किती, हे सारे असते. जेवण कोणते मागितले हेही असू शकते. जैन जेवण, हिंदू जेवण, मुस्लिम जेवण यांना विमान कंपन्यांच्या व्यवहारात निरनिराळी सांकेतिक अक्षरे आहेत. भुकेपोटी भरलेला एक रकाना माणसाचा धर्म सांगून जातो.

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्याकडे येणाऱ्या विमान कंपन्यांकडून ही नोंद मागावयास आरंभ केला. युरोपच्या १९९५ च्या माहितीसंरक्षण निर्देशानुसार पुरेसे संरक्षण नसलेल्या देशास ती देता येत नव्हती. माहिती दिली तर युरोपचा कायदा मोडतो, न दिली तर अमेरिकेत विमान उतरविता येत नाही, अशा कात्रीत कंपन्या सापडल्या. २००४ मध्ये ३४ प्रकारची माहिती देण्याचा करार झाला. पार्लमेंटने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ३० मे २००६ रोजी तो रद्द ठरला; तथापि प्रवाशाच्या खाजगी जीवनावर घाला आला म्हणून नव्हे, तर कराराचा कायदेशीर आधार चुकीचा होता म्हणून. २००७ च्या नव्या करारात ३४ चे १९ प्रकार झाले. ही घट मोठी दिसते, पण अनेक रकाने एकत्र करून ती साधली होती. २०१२ च्या करारात दहशतवादाच्या तपासासाठी माहिती पंधरा वर्षे ठेवण्याची मुभा आहे. जो विद्यार्थी विसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेला, त्याने विमानात काय खाल्ले याची चौकशी त्याच्या पस्तिशीपर्यंत होऊ शकते.

एकच दिवस, दोन मते

युरोपने स्वतःसाठी अशीच व्यवस्था करावी, हा प्रस्ताव पार्लमेंटच्या नागरी हक्क समितीने एप्रिल २०१३ मध्ये नाकारला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवर हल्ले झाले. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर आणि भुयारी रेल्वेत स्फोट झाले. त्यांत ३२ निरपराध माणसे मेली. विरोध मावळला. १४ एप्रिल २०१६ रोजी पार्लमेंटने प्रवासी नोंदीचा निर्देश ४६१ विरुद्ध १७९ मतांनी संमत केला. त्याच दिवशी त्याच सभागृहाने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाची ती सुप्रसिद्ध नियमावलीही संमत केली, जिचे गोडवे जगभर गायिले जातात. दोन्ही कायद्यांवर २७ एप्रिल २०१६ ही एकच तारीख आहे. एकाचा क्रमांक ६७९, दुसऱ्याचा ६८१. एकाने नागरिकाला सांगितले की तुझी माहिती तुझी आहे. दुसऱ्याने सांगितले की तू विमानात बसलास तर ती पाच वर्षे आमच्याकडे राहील.

या निर्णयामागील भय खोटे होते असे मी म्हणणार नाही. ज्या शहरात नुकतेच बॉम्ब फुटले आहेत तेथील प्रतिनिधींना आकडेशास्त्र शिकविणे शोभत नाही. पण आकडेशास्त्र बदलतही नाही. समजा, एक कोटी प्रवाशांत खरोखर धोक्याचे दहा आहेत आणि यंत्र शंभरात एकदाच चुकते. तरीही ते एक लाख निरपराध माणसांकडे बोट दाखवील, आणि त्या गर्दीत ते दहा हरवून जातील. प्रत्यक्षात काय घडले? बेल्जियममधील एका मानवी हक्क संघटनेच्या दाव्यात २१ जून २०२२ रोजी निकाल देताना न्यायालयाने नमूद केले की २०१८ व २०१९ या वर्षांत यंत्राने निवडलेल्या दर सहांपैकी निदान पाच व्यक्तींची निवड, माणसांनी तपासल्यावर, चुकीची ठरली. न्यायालयाने निर्देश रद्द केला नाही. त्याला कुंपण घातले. ज्याच्याविरुद्ध काही आढळले नाही त्याची माहिती सहा महिन्यांहून अधिक ठेवू नये, संघाच्या अंतर्गत उड्डाणांना खरा धोका असल्याखेरीज ही पद्धत सरसकट लावू नये, आणि स्वतःचे निकष स्वतःच बदलणारी यंत्रे वापरू नयेत, असे त्याने बजावले. हे स्वागतार्ह आहे. मात्र सरकारने हे कुंपण ओलांडले तर ज्याची माहिती बेकायदा वापरली गेली त्याला काय मिळणार, याचा ठरीव आकडा कोठेही नाही.

आणि आकडा नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सरकारांच्या नव्हे, कंपनीच्याच बाबतीत घडले आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची व कर्मचाऱ्यांची माहिती चोरीस गेली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी प्रथम १८ कोटी पौंडांहून अधिक दंडाचा इरादा जाहीर केला. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रत्यक्ष दंड झाला तो २ कोटी पौंडांचा. तोही सरकारी तिजोरीत गेला. ज्यांच्या कार्डांचे क्रमांक चोरांच्या हाती पडले त्यांनी आपापले नुकसान सिद्ध करावे आणि दावा लावावा, हा मार्ग मोकळा होता. त्याच कंपनीचे विमान तीन तास उशिरा पोहोचले असते तर प्रत्येकाला किती द्यावयाचे, हे सांगावयास वकील लागला नसता. मे २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या टपालखात्याच्या खटल्यात हेच सूत्र पक्के केले. नियमावलीचा भंग झाला एवढ्यावर भरपाई मिळणार नाही; नुकसान किरकोळ असले तरी चालेल, पण ते झाल्याचे दाखविले पाहिजे.

येथे २००६ चा तो भेद आठवावा. विलंबाने सर्वांचे सारखेच नुकसान होते, म्हणून सर्वांना सारखी रक्कम. मग चार लाख लोकांची माहिती एकाच चोरीत, एकाच हलगर्जीमुळे गेली तर त्यात सर्वांना सारखे असे काहीच नाही काय? तीन तासांच्या खोळंब्यात प्रत्येकाचे दुःख निराळे असते. कोणी परीक्षेला निघालेला, कोणी पर्यटनाला. तेथे कायदा ते निराळेपण बाजूला ठेवू शकला. माहितीच्या बाबतीत तो ते का ठेवू शकत नाही, याचे पटण्यासारखे कारण मला दिसत नाही. एक कारण मात्र उघड आहे. विलंबाचे देणे कंपन्यांवर पडते. माहितीच्या गैरवापराचे देणे पुष्कळदा सरकारांवरच पडेल. कायदे सरकारे करतात.

आपण युरोपला हसावे अशी आपली स्थिती नाही. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनी जागा नाकारल्यास कमाल २०,००० रुपयांपर्यंत आणि उड्डाण रद्द झाल्यास कमाल १०,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरविली. विलंबासाठी फराळ, निवास, पर्यायी उड्डाण वा परतावा एवढेच, रोख काही नाही. प्रवासी नोंदीचे नियम केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये काढले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांची माहिती सीमाशुल्क खात्याला द्यावयाची आणि ती पाच वर्षे राहावयाची. मुदत तीच, युरोपची. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात पीडिताला भरपाई मिळवून देणारे जे कलम होते, ते वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

धनको आणि संशयित हे दोघे जेथे प्रत्यक्ष समोरासमोर येतात, ती जागा नियम २६१ च्या व्याख्यांच्या कलमात आहे. 'जागा नाकारणे' या शब्दांची व्याख्या करताना तेथे म्हटले आहे की आरोग्य, सुरक्षा वा अपुरी कागदपत्रे अशा वाजवी कारणांसाठी प्रवाशाला चढू दिले नाही, तर ते जागा नाकारणे ठरत नाही. जादा तिकिटे विकल्यामुळे जो मागे राहिला त्याला ६०० युरो. नामसाधर्म्यामुळे किंवा यंत्राच्या चुकीच्या निवडीमुळे ज्याला चौकशीसाठी बाजूस घेतले, तासाभराने क्षमा मागून सोडून दिले, आणि तोवर ज्याचे विमान गेले, त्याला या नियमाखाली काहीच नाही. कंपनी म्हणणार, मला सांगण्यात आले ते मी केले. सरकारकडून भरपाई हवी असेल तर पुन्हा तेच: नुकसान सिद्ध करा, कारण अवाजवी होते हेही सिद्ध करा.

ज्या दुरुस्तीवर मंत्री आणि पार्लमेंट यांच्यात तासांचा वाद झाला, तिच्यात या कलमाला एक वाक्य जोडणे अवघड नव्हते. सुरक्षेच्या कारणाने अडविलेल्या प्रवाशाविरुद्ध काही निष्पन्न झाले नाही आणि त्याचे उड्डाण चुकले, तर अंतरानुसार तीच ठरीव रक्कम राज्याने द्यावी. कारण वाजवी होते असे राज्याचे म्हणणे असेल तर ते राज्याने दाखवावे. ही रक्कम कंपनीकडून घेऊ नये, कारण ही चूक टाळणे तिच्या हाती नाही. यावर आक्षेप येईल की अशाने अधिकारी कचरतील आणि खरा घातकी सुटेल. परंतु देणे तिजोरीवर पडावयाचे आहे, अधिकाऱ्याच्या पगारावर नव्हे. संशय आला तर त्याने अडवावेच. फरक पडेल तो हिशेबात. सहांपैकी पाच वेळा चुकणाऱ्या यंत्राचा खर्च सुरक्षेच्या अंदाजपत्रकात एका ओळीत दिसू लागेल आणि अर्थमंत्र्याला दर वर्षी त्याविषयी विचारावे लागेल. आज तो खर्च त्या पाच जणांच्या खिशातून जातो व कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.